समजून घ्या : नाना फडणवीस आणि हातची गेलेली साष्टी

साताऱ्यात १७४२ मध्ये जन्मलेले नाना फडणवीस बालपेशवे सवाई माधवरावांचा कारभार पाहत होते. आज मुंबईची उपनगरे असलेले साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ अखेर बळकावले. पेशवेपदासाठी राघोबादादांनी सुरतेच्या तहात (१७७५) ते लिहून दिले. नानांनी तह मानला नाही. वडगावला (१७७९) हरलेल्या इंग्रजांनी साष्टी सोडण्याचे कबूल केले, पण कंपनीने शब्द फिरवला. सालबाईच्या तहात (१७८२) वसई परत आली. साष्टी, घारापुरी, कारंजा इंग्रजांकडेच राहिली. नानांनी मंजुरी लांबवली, पण इंग्रजांशी लढणारा हैदरअली वारल्यावर ती दिली.

खर्ड्याच्या विजयानंतर (१७९५) परंड्यापासून तापीपर्यंतचा निजामाचा मुलूख मिळाला. बेटे मात्र गेली ती गेलीच. नाना १८०० मध्ये वारले. दोनच वर्षांत, परत मिळवलेल्या वसईतच दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.