आवाज फुटलेला मुलगा

पनवेलच्या फडके नाट्यगृहात नांदीचे सूर लागले की मला हटकून भास्करबुवा बखले आठवतात. बुवा बालगंधर्वांचे गुरू, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण मला आठवतो तो किर्लोस्कर नाटक मंडळीतला पोरगेला भास्कर.

बडोदे संस्थानातल्या कठोर गावी १८६९ साली जन्मलेला हा गरिबाघरचा मुलगा. ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्याने कैकेयी केली आणि गाण्याने नाव मिळवले. इंदुरात थोर बीनकार बंदे अली खाँ त्याच्या आवाजावर लुब्ध झाले. पुढे वयाप्रमाणे आवाज फुटला आणि मंडळीतली किंमत एका फटक्यात उतरली. आम्ही बँकवाले यंत्रावर घसारा धरतो. नाटक कंपन्यांत तो मुलांच्या गळ्यावर धरला जाई. असे किती भास्कर विंगेतच विरून गेले असतील, कोण जाणे!

हा मात्र विरला नाही. बडोद्याला फैज महंमद खाँ, मग आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ, त्यानंतर अल्लादिया खाँ. तीन उस्तादांच्या दारी राबून त्याने विद्या मिळवली. ब्राह्मणाच्या मुलाने मुसलमान गुरूंच्या घरी राहून पडेल ते काम करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

नाव झाल्यावर बुवा मैफलींवर सुखाने जगू शकले असते. त्यांनी १९११ मध्ये पुण्यात किर्लोस्कर भारत गायन समाज काढला. ज्या मंडळीत आपला आवाज निकामी ठरला, तिचेच नाव त्यांनी संस्थेला दिले. मला हा मनाचा मोठेपणा वाटतो. कुणी व्यवहारही म्हणेल. पुढे ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकांच्या चाली त्यांच्याच. ख्यालाचा राग घरोघरी पोचला तो या पदांमुळे.

त्यांचे लाडके शिष्य मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हेसुद्धा बालनटच. बुवांनी त्यांना आपल्या घरी ठेवून शिकवले. मुलगा रंगभूमीवर गातो आहे तोवरच त्याला रागाची पक्की बैठक द्यायची, म्हणजे आवाज बदलला तरी विद्या हातची जात नाही!

८ एप्रिल १९२२ रोजी बुवा गेले, अवघे बावन्न वर्षांचे होते. त्यांच्यामागे समाजाचा भार कृष्णरावांनी उचलला.