लाल गोळीमागच्या ल्यूसीबाई

पांडेसऱ्यात ज्या घरी बाळ येणार असतं, त्या घरात दोन वस्तू हमखास सापडतात. एक ममता कार्ड आणि दुसरी लाल गोळ्यांची पट्टी. कार्डावर पुढे बाळाचं जन्मवजन लिहिलं जातं. आजी असो, मावशी असो की शेजारीण, सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच : किती किलोचं झालं? आकडा अडीचच्या वर असला की घर सुटकेचा निःश्वास टाकतं. लाल गोळीबद्दल मात्र कुणी फारसं विचारत नाही. रक्त वाढायला देतात, लोहाची असते, एवढंच माहीत असतं. पण त्या गोळीत लोहाच्या जोडीला फॉलिक ॲसिडही असतं. त्याच्या शोधाची वाट मुंबईच्या परळमधून गेली, आणि ती वाट काढली एका इंग्रज बाईने. त्यांचं नाव डॉ. ल्यूसी विल्स.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. दहा दिवसांचं बाळ गमावल्यावर डॉक्टर व्हायचं ठरवलेली ती मुलगी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यानंतरच्याच वर्षी, १० मे १८८८ रोजी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफिल्ड इथे ल्यूसीचा जन्म झाला. घर खातंपितं होतं, वडील स्वतः विज्ञान शिकलेले. चेल्टनहॅमच्या मुलींच्या नामांकित शाळेतून ती १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेली आणि वनस्पतीशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकली. १९११ मध्ये परीक्षा पास झाली, पण पदवी काही मिळाली नाही. केंब्रिज तेव्हा मुलींना शिकू द्यायचं, परीक्षेला बसू द्यायचं आणि पदवी मात्र द्यायचं नाही! ही रीत १९४८ पर्यंत चालली.

त्याच वर्षी वडील वारले. दोन वर्षांनी तरुण बहीण गेली. ल्यूसी आईला घेऊन सिलोनला आणि मग भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेली. तिथे असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. केपटाऊनमध्ये काही आठवडे तिने रुग्णसेवेचं काम केलं, आणि परत आल्यावर १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. डॉक्टर झाली तेव्हा ती ३२ वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयात बाईचं सगळं ठरून गेलेलं असतं, असं आपण समजतो. विल्सबाईंचं खरं काम तर अजून सुरूही झालं नव्हतं.

डॉक्टर झाल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गरोदरपणात शरीरात काय काय बदलतं याचा अभ्यास सुरू केला. पुढे डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्यामुळे त्यांना मुंबईचं काम मिळालं. बाल्फरबाई हिंदुस्थानात कित्येक वर्षं स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटत होत्या. बाळंतपणात इतक्या बायका का मरतात, याची चौकशी परळच्या हाफकिन संस्थेत चालू होती. त्यासाठी विल्सबाई १९२८ मध्ये हिंदुस्थानात आल्या.

ते वर्ष साधं नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप त्याच वर्षी झाला. गिरणीत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाल्फरबाईंनी डॉ. तळपदे यांच्यासोबत गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाचा अभ्यास करून तो १९३० मध्ये प्रसिद्ध केला. गिरणी, चाळ आणि बाळंतीण यांचा एकत्र विचार करायला तेव्हा नुकती सुरुवात होत होती.

विल्सबाईंपुढे जो आजार होता तो विचित्र होता. गरोदर बायकांचं रक्त कमी व्हायचं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी लहान नव्हे तर फुगून मोठ्या झालेल्या दिसायच्या. पेशी मोठ्या आणि संख्येने कमी. कितीतरी बायका यातून उठायच्याच नाहीत. कुणाला वाटायचं हा जंतूंचा आजार असेल. विल्सबाईंनी जंतू शोधलेच, पण त्याबरोबर या बायका राहतात कशा आणि खातात काय, तेही पाहिलं. डॉ. तळपदे यांना सोबत घेऊन त्यांनी मुंबईच्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ज्यांचं खाणं सर्वांत निकस, त्याच सर्वांत जास्त आजारी पडत होत्या, आणि त्यात गरीब मुसलमान बायका सगळ्यात पुढे होत्या. कोण कोणत्या धर्माची, यापेक्षा कुणाच्या ताटात काय पडतं, हे मोलाचं ठरलं.

मग त्यांनी तसाच निकस आहार प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. गाभण उंदरिणींचं रक्त कमी झालं आणि त्या विण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं की हे टळायचं. पुढे कळलं की त्या उंदरांना उवांमुळे एक संसर्गही झाला होता आणि त्याने निष्कर्षात घोळ झाला असणार. दुसरं कुणी असतं तर इथेच काम सोडून दिलं असतं. विल्सबाईंनी प्रयोग माकडांवर नव्याने मांडला. मुंबईतल्या गरिबांसारखाच आहार माकडांना दिला आणि ती आजारी पडल्यावर मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्लंडमध्ये लोक तो पावाला लावून खातात. माकडं सुधारली. तेच मार्माइट आजारी बायकांना दिल्यावर त्याही बऱ्या व्हायला लागल्या. हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. महागड्या औषधाची गरज नव्हती, स्वयंपाकघरातली एक स्वस्त बरणी पुरत होती.

त्यांच्या कामातला सर्वांत सुंदर भाग इथून पुढे आहे. रक्ताच्या दुसऱ्या एका गंभीर आजारावर तेव्हा यकृताचा अर्क दिला जाई. विल्सबाईंना दिसलं की साधा, कच्चा अर्क त्यांच्या रुग्णांनाही लागू पडतो, पण तोच अर्क जास्त शुद्ध केला की त्या दुसऱ्या आजारावर चालतो आणि यांच्या रुग्णांवर चालत नाही. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जातंय, आणि यांना हवंय ते नेमकं तेच. त्या अनोळखी घटकाला पुढे लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. नवी पेशी तयार होताना तिच्या आतला आराखडा उतरवून घ्यायला ते लागतं. ते नसलं की पेशी फुगते, पण विभागत नाही. पोटातलं बाळ म्हणजे रात्रंदिवस विभागणाऱ्या पेशीच, मग त्याला ते किती लागत असेल!

१९३३ नंतर विल्सबाई लंडनला परतल्या, १९३७-३८ मध्ये पुन्हा हाफकिनला येऊन गेल्या. १९४७ मध्ये रॉयल फ्रीमधून निवृत्त झाल्या, तरी जमैका, फिजी असं फिरून आहार आणि रक्तक्षयावर काम करत राहिल्या. लग्न केलं नाही. लंडनमध्ये सायकलवर फिरायच्या. आयुष्याच्या शेवटच्या काळात चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या.

आता पुन्हा त्या अडीच किलोकडे येऊ. २५०० ग्रॅमची ही रेघ फिनलंडचे बालवैद्य आर्वो युल्प्पो यांनी १९१९ च्या सुमारास रूढ केली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली. पण रेघ आखली म्हणून कारण कळत नाही. आपल्याकडची बाळं लहानच असायची, आपलं रक्तच तसं, असं म्हणून आपण मोकळे होतो. २०१४ मध्ये आठ देशांतल्या नवजात बाळांच्या मापांवरून नवं मानक तयार झालं. त्या आठ ठिकाणांत आपलं नागपूरही होतं. निरोगी, चांगलं खाणाऱ्या आणि नीट तपासणी होणाऱ्या आया निवडल्यावर आठही ठिकाणच्या बाळांची लांबी जवळजवळ सारखी निघाली. वजनात थोडा फरक राहिला, पण सगळा दोष रक्तावर ढकलायची सोय मात्र उरली नाही.

पुण्याजवळच्या गावांत केईएम हॉस्पिटलच्या अभ्यासात दिसलं की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं मोठी होती. आईच्या रक्तातलं फोलेट आणि बाळाचं वजन यांचाही मेळ दिसला. फार कष्टाचं काम करणाऱ्या आयांची बाळं मात्र हलकी होती. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत बायकांना पालेभाज्या, फळं, दूध घालून केलेला खाऊ रोज दिला, तेव्हा सरसकट सगळ्यांमध्ये ठळक फरक पडला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याच्या किमान ३ महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे ४८ ग्रॅम जास्त भरलं. अगदी हडकुळ्या बायकांना तेवढाही फायदा दिसला नाही. जन्मभराची उपासमार एका खाऊने भरून निघत नाही, असाच याचा अर्थ मला लागतो.

आपण डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो. ओटी भरतो, पाच पक्वान्नं वाढतो. ते करावंच, पण बाळाच्या वजनाचा हिशोब त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. पांडेसऱ्यात खानदेशातून आलेली घरं कितीतरी आहेत. नवरा डाइंग मिलमध्ये, बायको घरी बसून साड्यांना खडे चिकटवते किंवा धागे कापते. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी आपल्या लोकांना नवी नाही. पण भाजी महागली की आधी बाईच्या ताटातून जाते, कारण ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते. त्यात बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, म्हणून कमी खा, असं सांगणारंही कुणीतरी असतंच.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेक जण डॉक्टर होणार नाहीत. पण विल्सबाईंच्या कामाची सुरुवात ज्या चौकशीने झाली, ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. घरात बहीण असेल, वहिनी असेल, शेजारी नुकतं लग्न होऊन आलेली कुणी असेल. बाळ किती किलोचं झालं हे विचारायची वेळ नंतर येईल. आज तिला एवढंच विचारू या : जेवलीस का, आणि काय जेवलीस?