जॉर्ज सायमन ओहम याचे चरित्र

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतील जे बंधू व भगिनी कामानिमित्त मुंबईस येतात, त्यांनी अंधेरी अथवा बोरिवली येथे गाडीची वाट पाहत असता रुळांवरून गेलेली तार पाहिलीच असेल. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, तेव्हा त्या तारेत १५०० व्होल्टांचा दाब असे. आज तो २५,००० व्होल्ट आहे. हा दाब एवढा का वाढविला, हे ज्या हिशेबाने कळते, त्याचा पाया एका कुलूप करणाऱ्याच्या मुलाने घातला. त्याची हकिकत आम्ही येथे देतो.

जॉर्ज ओहम १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्मला. बाप कुलुपे करून पोट भरी. त्यास शाळा फारशी लाभली नव्हती, तरी स्वतःच्या श्रमाने त्याने इतके गणित संपादन केले होते की, दोन्ही मुलांस तोच घरी शिकवी. जॉर्ज दहा वर्षांचा असता आई वारली. १८०५ साली तो विश्वविद्यालयात गेला. पण तेथे नाच, बिलिअर्ड व बर्फावरून घसरण्याचा खेळ यांत त्याचा वेळ जाऊ लागला. बाप कोपला व मुलाने विश्वविद्यालय सोडले. (हा कोप आमच्या मते योग्यच होता.) पुढे स्वित्झर्लंडात मास्तरकी करून, परत येऊन १८११ साली त्याने डॉक्टरची पदवी मिळविली. १८१७ साली कोलोन येथील हायस्कुलात तो शिक्षक झाला. त्या शाळेत पदार्थविज्ञानाची उपकरणे बरी होती. बापाच्या दुकानी हात वळलेला असल्यामुळे जे उपकरण नसे, ते तो स्वतः घडवी.

तार लांब केली असता विजेचा प्रवाह किती कमी होतो, हा त्याचा प्रश्न होता. १८२५ साली त्याने एक नियम छापून प्रसिद्ध केला, आणि तो नियम चुकीचा निघाला. दोष त्याच्या विद्युद्घटात होता. घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरत जाई, मग मापे खरी कोठून यावीत? तेव्हा पोगेंडोर्फ नावाच्या संपादकाने त्यास दुसरा मार्ग सुचविला. बिस्मथ व तांबे या दोन धातूंचे सांधे करून एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, तर जो दाब उत्पन्न होतो तो स्थिर राहतो. ओहमने तसे केले. २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या, एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेऊन, टांगलेल्या चुंबकसूचीने त्याने एकेकीतील प्रवाह मोजला. १८२६ साली खरा नियम हाती आला, आणि स्वतःच्याच छापील नियमाच्या जागी त्याने तो प्रसिद्ध केला. आम्हांस या चरित्रात हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. छापलेली चूक आपल्याच हाताने खोडणे किती जड जाते, हे लिहिणारे सारेच जाणतात.

नियम असा: मंडलातील दाबास प्रवाहाने भागले असता विरोध निघतो. शेतकऱ्यास पाटाचे उदाहरण पुरे. पाण्याची उंची हा दाब, वाहते पाणी हा प्रवाह, आणि पाटातील गवतगाळ हा विरोध.

त्या वर्षी अर्ध्या पगाराची रजा घेऊन तो बर्लिनला गेला व १८२७ साली आपला ग्रंथ छापविला. विद्वानांनी तो थंडपणे घेतला. काहींनी टीकाही केली. मोठ्या जागेची आशा फोल ठरली. १८२८ साली कोलोनची नोकरीही त्याने सोडली, आणि पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये लहानसहान शिकवण्यांवर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्ग येथे त्यास बरी जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले, तेव्हा कोठे स्वदेशीयांचे डोळे उघडले. म्युनिक येथील अध्यापकपद त्यास १८५२ साली मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. तो आजन्म अविवाहित होता. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत विरोधाच्या मापास त्याचे नाव देण्यात आले.

आता हिशेब पाहू. घरात दाब २३० व्होल्ट आहे आणि इस्त्री ४ अँपिअर प्रवाह घेते. तर २३० भागिले ४ म्हणजे ५७.५ ओहम हा तिचा विरोध. दाब गुणिले प्रवाह केले की शक्ती निघते, ती ९२० वॉट. १००० वॉट एक तास चालले म्हणजे एक युनिट होते. तेव्हा ही इस्त्री तासभर चालली तर मीटर एका युनिटाहून थोडा कमीच पुढे सरकेल.

तोच हिशेब रेल्वेच्या तारेस लावावा. समजा, एका गाडीस ३० लाख वॉट शक्ती हवी आहे. १५०० व्होल्टांवर तारेतून २००० अँपिअर गेले पाहिजेत; २५,००० व्होल्टांवर १२० पुरतात. (नव्या तारेतील प्रवाह उलटसुलट वाहणारा असल्याने तेथे आणखी एक दुरुस्ती करावी लागते, ती आम्ही येथे सोडली आहे.) जूल या इंग्रज शोधकाने पुढे दाखविले की, तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून तार तीच धरली, तर जुन्या दाबावर हा नाश सुमारे २७८ पट होतो. दाब वाढविल्याने तार बारीक चालते, आणि वीज पुरविणारी ठाणीही दूर दूर ठेवता येतात. बोरिवलीच्या मार्गावरील हा पालट २०१२ साली पुरा झाला. हार्बर मार्गावर १५०० व्होल्टांची शेवटची गाडी एप्रिल २०१६ मध्ये धावली.