फेरारी सोडणारे कार्लो किटी

मोटारींची शर्यत जिंकली की नाव होते चालकाचे; गाडी आखणारा मागेच राहतो. कार्लो किटी हे असेच एक इटालियन अभियंते. जन्म १९२४, पिस्तोया येथे. पिसा विद्यापीठात शिकून ते अल्फा रोमिओत लागले व १९५७ साली फेरारीत आले.

त्यांनी घडवलेल्या गाडीवर फिल हिल १९६१ चे विश्वविजेते झाले. इंजिन अवघे दीड लिटरचे आणि गाडीचे नाक शार्क माशासारखे! पण त्याच वर्षाअखेर किटींनी फेरारी सोडली. मालक एन्झो फेरारी यांच्या पत्नी लॉरा कारखान्याच्या कामात ढवळाढवळ करीत. तक्रार करणाऱ्या विक्रीप्रमुखांना मालकांनी काढले, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्या किटींसह इतर वरिष्ठांनाही बाहेर पडावे लागले. हट्टी दोघेही!

१९६२ साली फेरारीला विश्वविजेतेपदाची एकही शर्यत जिंकता आली नाही. इकडे किटींनी सोबत्यांसह एटीएस कंपनी काढली. १९६३ मध्ये तिच्या गाडीवर फिल हिलच बसले, पण एकही गुण मिळाला नाही. राग खरा होता, तयारी मात्र अपुरी पडली असावी. पुढे ऑटोडेल्टात त्यांनी अल्फा रोमिओसाठी गाड्या केल्या. त्यांनी १९७५ चे जागतिक अजिंक्यपद मिळवले. १९९४ साली किटींचे निधन झाले.