राणी लिलिउओकलानी हिची गोधडी

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. ज्या अमेरिकन बोर्डाने पाठविलेले हॉल व नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाचे मिशनरी १८२० साली ह्या बेटांस पोहोंचले. त्यांच्या स्त्रियांनी तेथील राजघराण्यांतील बायांच्या हाती सुईदोरा देऊन त्यांस कापडाचे तुकडे जोडावयास शिकविले. त्या शिकवणीचे एक फळ पुढे मोठ्या दुःखाच्या काळी दिसून आले. ती हकीकत आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहों.

लिलिउओकलानी हिचा जन्म होनोलुलू येथे १८३८ साली झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे नाव लिडिया ठेविले. प्रेषितांच्या कृत्यांत जी जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया आहे, तिचेच हे नाव. वयाच्या चौथ्या वर्षी तिला मिशनऱ्यांनी चालविलेल्या शाळेत घातले. तेथे ती इंग्रजी, शास्त्र व गायन शिकली. गीते रचण्यात ती पुढे फार प्रवीण झाली.

१८९१ च्या जानेवारीत तिचा भाऊ राजा कालाकाउआ मरण पावला व ती गादीवर बसली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात तिचा पतीही वारला. तिला पोटचे मूल नव्हते. हे शोक ताजे असतानाच, १७ जानेवारी १८९३ रोजी, काही व्यापाऱ्यांनी व ऊसमळेवाल्यांच्या पक्षाने तिचे राज्य हिरावून घेतले. अमेरिकन युद्धनौकेवरील शिपाई त्या वेळी शहरात उतरले होते. रक्तपात होऊ नये म्हणून राणीने शस्त्र उचलू दिले नाही. येथे एक लज्जेची गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. राज्य घेणाऱ्यांत मिशनऱ्यांचे पुत्र व नातू होते. ज्यांच्या वडिलांनी तिच्या लोकांस शुभवर्तमान दिले, त्यांच्याच मुलांनी तिची गादी घेतली.

१८९५ च्या जानेवारीत तिच्या पक्षाच्या लोकांनी बंड केले व ते फसले. राणीस पकडून तिच्याच इओलानी राजवाड्याच्या वरच्या मजल्यावरील एका खोलीत कोंडले. आपल्या माणसांचे प्राण वाचावे म्हणून तिने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली. पाच वर्षे सक्तमजुरी व पाच हजार डॉलर दंड अशी शिक्षा तिला सांगण्यात आली, परंतु सक्तमजुरी करविली नाही. भेटीस येणाऱ्यांना मनाई होती. वर्तमानपत्रेही बंद होती. मिसेस विल्सन नावाची एक बाई मात्र आपखुशीने तिच्याबरोबर त्या बंदिवासात राहिली.

त्या दोघींनी तेथे एक गोधडी आरंभिली. ही गोधडी आपल्याकडील जुन्या लुगड्यांच्या गोधडीहून निराळी. रेशीम, मखमल व फिती यांचे वेडेवाकडे तुकडे, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, असे एकमेकांशेजारी बसवावयाचे आणि प्रत्येक सांध्यावर रंगीत रेशमाने भरतकाम करावयाचे, अशी तिची तऱ्हा. असे काम घाईने होत नाही. एक वीतभर सांधा भरावयास पुष्कळ वेळ लागतो, आणि चुकला टाका उसवून पुन्हा घालावा लागतो. गोधडीचे नऊ चौकोन असून लांबीरुंदी सुमारे आठ फूट आहे. मधल्या चौकोनावर हवाईची निशाणे व बंदिवासाची हकीकत आहे, आणि इतरत्र माणसांची नावे व त्या वर्षांतील घडामोडींच्या तारखा भरल्या आहेत. जे बोलण्याची तिला मोकळीक नव्हती ते तिने सुईने लिहून ठेविले. दुःख विसरण्याकरिता केलेले हे काम नव्हे. तिने आपले दुःख एकेक टाक्याने समोर मांडले.

त्याच खोलीत, त्याच वर्षीच्या मार्चात, तिने एक प्रार्थनागीत रचिले. त्यात देवाच्या दयेची स्तुती असून मनुष्यांच्या अपराधांची क्षमा मागितली आहे.

६ सप्टेंबर १८९५ रोजी ती त्या खोलीतून सुटली. १८९८ साली तिचा देश अमेरिकेत सामील करण्यात आला व राज्य तिला परत मिळाले नाही. तथापि १९०९ साली तिने आपली मिळकत हवाईच्या अनाथ मुलांसाठी विश्वस्तांकडे सोपविली. ११ नोव्हेंबर १९१७ रोजी तिचा अंत झाला. जानेवारी १९९३ मध्ये, राज्य गेल्यास शंभर वर्षे होताच, त्या जुन्या मिशनची वारस असलेल्या अमेरिकन मंडळीने हवाईच्या लोकांपुढे आपला अपराध कबूल करून क्षमा मागितली. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसनेही तसे केले. गोधडी आजही त्या राजवाड्यात जतन केलेली आहे.

प्रिय वाचकहो, ज्या घरी मृत्यू झाला तेथे आमचे उपदेशक व बायबलबाया समाचारास जातात. पुष्कळदा शब्द सुचत नाहीत, आणि सुचले तरी ते शोक करणाऱ्याच्या कानांपलीकडे जात नाहीत. अशा वेळी मिसेस विल्सन आठवावी. तिने राणीस कोणता उपदेश केला हे कोणी सांगत नाही. ती जवळ राहिली व तिच्याबरोबर टाके घालीत बसली, एवढे मात्र त्या गोधडीवर लिहिलेले आहे. गेलेल्या आईचे लुगडे पेटीत ठेवून रडणारी लेक आपल्या गावी असेल, तर ते लुगडे उलगडून तिच्याशेजारी बसावे व गोधडीचा पहिला दोरा आपणच ओवावा.