ग्रहलाघवकर्ते श्री गणेश दैवज्ञ

मोरगावची भाद्रपदी चतुर्थी असो, आषाढी एकादशी असो, लग्नाचा मुहूर्त असो की देवाची प्राणप्रतिष्ठा असो, आपणां सर्वांस पंचांग पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे पंचांग साध्या ज्योतिष्यासही करता यावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, ते थोर गणिती श्री गणेश दैवज्ञ आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेले. श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धारप्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित होईल.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रकाठी नांदगाव आहे. तेथे केशव दैवज्ञ व लक्ष्मीबाई या दांपत्याच्या पोटी गणेशांचा जन्म झाला. केशव दैवज्ञ स्वतः मोठे ज्योतिषी होते. शके 1418 म्हणजे इ. स. 1496 मध्ये त्यांनी ग्रहकौतुक हा ग्रंथ रचला. ग्रंथात आलेले गणित आकाशाशी ताडून पाहण्याची त्यांना सवय होती. दंतकथा अशी की, त्यांनी वर्तविलेली ग्रहणाची वेळ एकदा जुळली नाही व त्यांची हेटाळणी झाली. तेव्हा त्यांनी नांदगावच्या गणपतीची आराधना केली व गणपतीच पुत्ररूपाने त्यांच्या घरी आला. कथा कशीही असो, वडिलांचे अपुरे काम मुलाने पुरे केले, हे मात्र खरे.

गणेशांनी शके 1442 म्हणजे इ. स. 1520 हे आरंभवर्ष धरून ग्रहलाघव रचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा होते, असे परंपरेने सांगतात.

त्या काळी दोन अडचणी होत्या. पहिली अडचण मोठ्या आकड्यांची. ग्रह कोठे आहे हे काढण्यासाठी आरंभापासून किती दिवस गेले ते मोजावे लागते. यास अहर्गण म्हणतात. कलियुगाच्या आरंभापासून मोजल्यास ही संख्या त्या वेळीच पावणेसतरा लाखांच्या वर गेली होती. गणेशांनी अकरा अकरा वर्षांची चक्रे पाडली व एका चक्राचे 4016 दिवस धरले. उदाहरणार्थ, शके 1942 चे गणित करावयाचे झाल्यास 1442 वजा करून 500 उरतात. त्यांस 11 ने भागले असता 45 चक्रे पूर्ण होऊन 5 वर्षे राहतात. चक्रांसाठी ठरीव अंक आहेत, दिवस मोजावयाचे ते फक्त उरलेल्या वर्षांचे.

दुसरी अडचण ज्या, म्हणजे त्रिकोणमितीतील कोष्टकांची. चंद्र सारख्या गतीने चालत नाही, म्हणून त्याच्या मध्यम स्थानात दुरुस्ती करावी लागते. गणेशांनी ती केवळ गुणाकार भागाकाराने साधली. कोन 90 अंश असता त्यास 6 ने भागावे, 15 येतात. ते 30 मधून वजा केल्यास पुन्हा 15. दोहोंचा गुणाकार 225. त्याचा विसावा भाग 56 मधून वजा करावा व उरलेल्या 44.75 ने 225 ला भागावे. उत्तर 5 अंश 1 कला 40 विकला येते. सूर्यसिद्धांताप्रमाणे ज्या घेऊन काढल्यास फरक सुमारे एका कलेचा! चंद्र सूर्याच्या पुढे 12 अंश गेला की एक तिथी पुरी होते. त्या मानाने हा फरक अगदी थोडा आहे.

सोपेपणाबरोबर त्यांनी सत्यही सांभाळले. सौर, आर्य व ब्राह्म असे तीन पक्ष त्या वेळी होते व प्रत्येकास आपलाच पक्ष खरा वाटे. गणेशांनी कोणाचाच हट्ट धरला नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला, चंद्रही त्याच पक्षाचा, पण त्यातून 9 कला कमी केल्या. गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षाचे घेतले. शनीमध्ये तर 5 अंश मिळविले. आकाशात जे दिसते त्याशी जे जुळले तेच त्यांनी स्वीकारले. पूज्य ग्रंथात असा बदल करण्यास त्या काळी केवढे धैर्य लागले असेल!

शके 1447 मध्ये त्यांनी तिथिचिंतामणी रचून तिथी, नक्षत्र व योग कोष्टकांवरून काढण्याची सोय केली. इ. स. 1545 मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. ग्रहलाघवावर मल्लारी व विश्वनाथ या विद्वानांनी टीका केल्या. महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकात शेकडो वर्षे त्यावरून पंचांगे होत राहिली.

काळ गेला तसा ग्रहलाघवातही फरक पडू लागला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके 1787 म्हणजे इ. स. 1865 पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले. त्यावरून पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु जुने गणित काळाने ढिले पडते व पुढच्यांनी ते आकाश पाहून सुधारावे, अशीच या पितापुत्रांची शिकवण होती. मंदिराचे झिजलेले दगड बदलल्याने देवाचा मान उणा होत नाही, तसेच शास्त्राचेही आहे. पंचांग उघडताना नांदगावच्या या थोर पुरुषास प्रत्येकाने मनोभावे वंदन करावे.