वसईचे संत गोन्सालो गार्सिया

बोरिवलीहून आगगाडीने उत्तरेकडे निघाले म्हणजे दहिसर, मीरा रोड व भाईंदर ही स्थानके मागे पडतात आणि गाडी खाडीवरील पुलावर येते. खाडी ओलांडली की वसईचा प्रदेश लागतो. येथील समुद्रकाठचा जुना किल्ला चिमाजीअप्पांच्या पराक्रमामुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. सन १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकून घेतला. परंतु त्याच्या कितीतरी आधी याच वसईत एक बालक जन्मास आले, आणि पुढे दूरच्या जपान देशात आपल्या श्रद्धेसाठी प्राणार्पण करून ते अजरामर झाले. त्या बालकाचे नाव गोन्सालो गार्सिया.

सन १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. आज ज्या साष्टी बेटावर अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे वसली आहेत, ते बेटही त्यातच होते. त्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी गोन्सालोचा जन्म झाला. त्याचे वडील पोर्तुगीज होते, तर आई वसईचीच होती. वसईत येशूसंघाचे धर्मगुरू मुलांना शिकवीत असत. त्यांच्याच सहवासात गोन्सालो लहानाचा मोठा झाला. त्यांचे साधे राहणे व अखंड परिश्रम पाहून आपणही असेच देवाच्या कार्याला वाहून घ्यावे, अशी ओढ त्याच्या मनात निर्माण झाली.

सन १५७२ मध्ये एक धर्मगुरू जपानला जाण्यास निघाले. पंधरा वर्षांचा गोन्सालो त्यांच्याबरोबर निघाला. त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे जिवाशी गाठ! जहाजे वाऱ्याच्या भरवशावर चालत. वादळ, रोगराई आणि चाचे यांतून सुखरूप पार पडेल तोच खरा भाग्यवान. परंतु गोन्सालो डगमगला नाही. जपानात पोहोचताच त्याने तेथील भाषा शिकण्यास आरंभ केला. जपानी भाषा परकीयांना अतिशय अवघड वाटते, पण तो लोकांत मिसळला आणि थोड्याच काळात ती अस्खलित बोलू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मगुरूंच्या हाताखाली राहून मुलांना व मोठ्यांना धर्मशिक्षण दिले.

या सर्व काळात त्याच्या मनात एकच इच्छा होती. आपल्याला येशूसंघात कायमचा प्रवेश मिळावा, असे त्याला वाटे. त्याप्रमाणे त्याने विनंती केली, पण ती मान्य झाली नाही. ज्यांच्यासाठी त्याने घरदार सोडले, त्यांच्याच दारात त्याला थांबावे लागले. असा प्रसंग आला म्हणजे पुष्कळ माणसे कडवट होतात आणि हाती घेतलेले कामही टाकून देतात. गोन्सालोला दुःख झाले असणार. परंतु देवावरील त्याची निष्ठा ढळली नाही.

पोटापाण्यासाठी त्याने व्यापार सुरू केला. भाषा अवगत, बोलणे गोड आणि व्यवहार चोख; त्यामुळे त्याची भरभराट झाली. पैसा मिळाला, मानही मिळाला. परंतु मन स्वस्थ बसू देईना. अखेर व्यापार सोडून तो फिलिपिन्स बेटांतील मनिला या शहरी राहिला. तेथे असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या अनुयायांचा मठ होता. हे फ्रान्सिस्कन साधू धनाचा स्पर्श टाळीत, जाडेभरडे वस्त्र वापरीत आणि रोग्यांची शुश्रूषा करीत. गोन्सालोला आपली वाट सापडली. संपन्न व्यापाऱ्याने आपली संपत्ती सोडून दोरीने बांधलेला झगा अंगावर घातला.

गोन्सालो या मठात शिरले ते धर्मगुरू म्हणून नव्हे. त्यांनी साध्या सेवकबंधूचे जीवन पत्करले. सेवकबंधूला वेदीवरील मोठा मान नसे. स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची सेवा अशी कामे त्याच्याकडे असत. एकदा नाकारला गेलेला मनुष्य दुसऱ्या ठिकाणी मोठ्या पदाची अपेक्षा धरतो. गोन्सालोंनी मात्र सर्वांत खालची जागा आनंदाने घेतली.

परंतु त्यांच्या अंगचा गुण झाकून राहिला नाही. सन १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना वकील म्हणून जपानला पाठविले. त्यांच्याबरोबर दुभाषी हवा होता. हे काम गोन्सालोंकडे आले. त्या वेळी जपानची सत्ता हिदेयोशी या प्रबळ सेनानीच्या हाती होती. त्याच्या एका शब्दासरशी माणसांची मस्तके उडत. अशा पुरुषासमोर उभे राहून बोलावयाचे, म्हणजे मन किती खंबीर हवे! दुभाष्याचे काम मोठे विलक्षण असते. विचार दुसऱ्याचे, मान दुसऱ्याला. आपण फक्त ते शब्द खरेपणाने पोहोचवावयाचे. एक अक्षर वाढविले किंवा भीतीने गाळले, तर सारा अनर्थ. निगर्वी आणि निर्भय अशा माणसालाच ते साधते.

हिदेयोशीने या साधूंना राहण्याची परवानगी दिली. त्यांनी क्योटो नगरात मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले. ज्यांना घरच्या माणसांनीही दूर लोटले होते, त्यांच्या जखमा हे साधू आपल्या हातांनी धूत.

पण हे दिवस फार काळ टिकले नाहीत. सन १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे एक मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला आणि वाद वाढला. स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवितो आणि मागाहून सैन्य पाठवितो, अशी कुजबुज हिदेयोशीच्या कानी गेली. स्पेनने फिलिपिन्स बेटे घेतली होती, हे त्याला ठाऊक होते. आपल्या देशावरही तोच प्रसंग येईल, या शंकेने तो संतापला. राजकारणाच्या या आगीत निरपराध साधू मात्र होरपळले. डिसेंबर महिन्यात क्योटो व ओसाका येथे अनेकांना कैद करण्यात आले. त्यांत गोन्सालो होते.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचे टोक कापण्यात आले. पुढे सर्वांना नागासाकीकडे नेण्यात आले. ऐन हिवाळ्याचे दिवस. थंडीने हातपाय बधिर होत. सुमारे महिनाभर ही बिकट वाटचाल चालली. आधी कैदी चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघेजण त्यांना सोडून जाईनात, म्हणून त्यांनाही धरण्यात आले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांतील वीसजण जपानी होते. लुई इबाराकी हा तर अवघ्या बारा वर्षांचा मुलगा होता. धर्म सोडलास तर जीव वाचेल, असे एका अधिकाऱ्याने त्याला सुचविले. पण त्याने ते मानले नाही, असे सांगतात.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. ज्या प्रभू येशूची शिकवण गोन्सालोंनी जन्मभर आचरिली, त्याच्याप्रमाणेच त्यांनाही क्रूसावर मरण आले. शेवटी भाल्यांनी सर्वांचे प्राण घेण्यात आले. त्या वेळी गोन्सालो सुमारे चाळीस वर्षांचे होते. वसईचा किनारा त्यांच्यापासून हजारो मैल दूर राहिला होता.

सन १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेल्या व्यक्तींपैकी कॅथलिक ख्रिस्तसभेत संतपदाचा हा मान सर्वप्रथम गोन्सालो गार्सियांना मिळाला. नागासाकीच्या त्या टेकडीवर सन १९६२ मध्ये सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. इकडे वसईत एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

नम्र माणूस भित्रा असतो, असा पुष्कळांचा समज असतो. गोन्सालोंचे चरित्र वाचले म्हणजे तो खोटा ठरतो. नकार मिळाला, तो त्यांनी सोसला. धन मिळाले, ते त्यांनी सोडले. हलके समजले जाणारे काम त्यांनी आवडीने केले. स्वतःसाठी काही राखून ठेवावयाचे नव्हते, म्हणूनच त्यांना कोणी भिववू शकले नाही. खाडीपलीकडच्या त्या गावी कधी जाणे झाले, तर वसईच्या या सुपुत्राची आठवण अवश्य करावी.